ॲव्हरिल लव्हीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"आत्या, ही तुझ्या वेळची ना गं?" असं म्हणत भाचीने फोन माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर पांढरा बनियन, त्यावर सैल लोंबता टाय, काजळाने माखलेले डोळे आणि एका मॉलभर चाललेला धुडगूस. 'कॉम्प्लिकेटेड' हे गाणं आम्ही २००२ साली होस्टेलच्या मेसमधल्या टीव्हीवर पाहिलं होतं. तेव्हा गाणारी मुलगी, कॅनडाची ॲव्हरिल लव्हीन, सतरा वर्षांची होती आणि आम्हीही तिच्याच वयाच्या. त्यानंतर भाचीने आणि तिच्या मैत्रिणींनी प्रश्नांचा जो सपाटा लावला, त्यातले हे पुन्हा पुन्हा येणारे. उत्तरं माझी आहेत, त्यामुळे त्यांतली मतंही माझीच समजा.

हिचं नाव म्हणायचं तरी कसं?

ॲव्हरिल लव्हीन. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये 'जी' आहे, पण तो उच्चारायचा नाही. 'लॅव्हिग्ने', 'लाव्हिग्नी' हे सगळे प्रकार आमचे करून झाले आहेत. होस्टेलवर एकीने तर वर्षभर तिला 'लावणी' केलं होतं. वडिलांकडचं घराणं फ्रेंच-कॅनडियन, म्हणून आडनाव फ्रेंच. 'ॲव्हरिल' हाही फ्रेंचमधला एप्रिल महिना. जन्म मात्र सप्टेंबरचा, २७ सप्टेंबर १९८४.

आणि नावं चुकीची वाचण्यात ती स्वतःही कमी नाही. २००३ च्या ग्रॅमीची नामांकनं वाचून दाखवताना तिने ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचं आडनाव 'बाउई' असं वाचलं. रॉकच्या सोवळ्यातल्या मंडळींनी 'हिला रॉकमधलं काय कळतं' हे सिद्ध करायला तेवढं एकच उदाहरण कितीतरी वर्षं पुरवून वापरलं.

ती कॅनडात नेमकी कुठली?

जन्म ऑन्टारिओ प्रांतातल्या बेलव्हिलचा, पण वाढली नापनीमध्ये. टोरोंटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडे ज्यांचं कोणी राहतं, त्यांनी हे गाव नकळत ओलांडलेलं असणार. भारतातून आईबाबा आले की त्यांना थाउजंड आयलंड्स दाखवायला नेतात ना, त्या ४०१ महामार्गावर किंग्स्टनच्या थोडं अलीकडे नापनीचा फाटा लागतो. तिच्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्यात पाच हजार वस्तीच्या गावाचा उल्लेख येतो, तो याच गावाचा.

घरी आईवडील, मोठा भाऊ, धाकटी बहीण. घर देवभोळं, रविवारी चर्चला जाणारं. ती मुलांच्या संघातून आइस हॉकी खेळायची, बेसबॉलमध्ये चेंडू टाकायची. पुढे तिच्या अंगावरचे ढगळ कपडे पाहून 'हे कोणीतरी स्टायलिस्टने ठरवलेलं सोंग' असं म्हणणाऱ्यांनी हा तपशील कधी ध्यानात घेतला नाही.

म्हणजे लहानपणापासून रॉकच गात होती?

छे! चर्चमध्ये भक्तिगीतं आणि मग कंट्री, म्हणजे अमेरिकी गावाकडच्या ढंगाची गाणी. गावजत्रा, छोट्या स्पर्धा, हौशी नाटक मंडळी असं सगळं करून झालं. त्या नाटकाच्या निमित्ताने तिथल्या स्टीफन मेड या लोकसंगीतवाल्याने तिला ऐकलं आणि १९९९ च्या आपल्या अल्बममध्ये तिच्याकडून गाऊन घेतलं.

त्याच वर्षी एका रेडिओ केंद्राची स्पर्धा जिंकल्यावर तिला ओटावाच्या कोरेल सेंटरमध्ये शनाया ट्वेनसोबत एक गाणं गायला मिळालं. समोर जवळपास वीस हजार लोक, आणि ही चौदा-पंधरा वर्षांची. शनाया स्वतः ऑन्टारिओतल्याच टिमिन्सची, कंट्रीतून जगभर गेलेली. म्हणजे त्या दिवशी तिच्यापुढे वाट आखून ठेवल्यासारखी होती: दुसरी शनाया व्हायचं. ती वाट तिने घेतली नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ इथे आहे, म्हणून एवढं सांगितलं.

मग नापनीहून न्यूयॉर्कला कशी पोहोचली?

पुस्तकांच्या दुकानातून. किंग्स्टनमधल्या एका मोठ्या पुस्तकविक्री दुकानात ती कराओकेच्या साथीवर कंट्री गाणी म्हणत होती. तिथे क्लिफ फॅब्री नावाच्या माणसाने तिला ऐकलं आणि तो तिचा पहिला व्यवस्थापक झाला. घराच्या तळघरात, त्याच कराओकेवर गातानाचं तिचं व्हीएचएस चित्रण करून ते संगीतक्षेत्रातल्या लोकांना पाठवलं गेलं. व्हँकुव्हरच्या नेटवर्क या संगीत कंपनीतल्या मार्क जोवेट यांच्या हाती एक कॅसेट पडली आणि त्यांनी २००० च्या उन्हाळ्यात तिला न्यूयॉर्कला पीटर झिझो या गीतकार-निर्मात्याकडे धाडलं. झिझोच्या स्टुडिओत अरिस्ता या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने तिला ऐकलं आणि त्याने थेट कंपनीच्या प्रमुखाला, एल. ए. रीडला बोलावून आणलं.

रीडने जेमतेम पंधरा मिनिटं ऐकलं आणि करार ठरवला. दोन अल्बमसाठी साडेबारा लाख डॉलर, शिवाय गीतलेखनाच्या हक्कांपोटी नऊ लाख डॉलर आगाऊ. मुलगी सोळा वर्षांची. तिने शाळा सोडली आणि मोठ्या भावाला सोबत घेऊन न्यूयॉर्क गाठलं. (आपल्याकडे अकरावीत असताना घरी हे सांगून बघा.)

ही गोष्ट एवढ्यावरच संपवली तर ती परीकथा होते. पण खरी ओढाताण यानंतर सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये एकामागून एक गीतकारांसोबत तिला बसवलं गेलं आणि काहीच जमेना. कंपनीने ऐकलं होतं ते कंट्रीच्या गोडव्याचा गळा असलेल्या मुलीला. मुलीला आता गिटारचा आवाज मोठा हवा होता. वर्ष असंच गेलं. मग तिला लॉस एंजेलिसला पाठवलं. तिथे क्लिफ मॅग्नेस भेटला, ज्याने तिच्या मनासारखी खरखरीत, जोरकस गाणी तिच्यासोबत केली. ती कंपनीला फारच कडक वाटली. आणि मग आले 'द मेट्रिक्स', म्हणजे लॉरेन क्रिस्टी, ग्रॅहम एडवर्ड्स आणि स्कॉट स्पॉक असं गीतकार-निर्मात्यांचं त्रिकूट. त्यांनी आधी कंपनीच्या सांगण्याबरहुकूम गोडगोड काहीतरी तयार ठेवलं होतं. तिने ऐकलं आणि नको म्हणाली. ते बाजूला टाकून नव्याने सुरुवात केल्यावर जे निघालं ते 'कॉम्प्लिकेटेड'.

कॅनडात रेडिओवर कॅनडियन गाणी वाजवायची सक्ती आहे म्हणे. तिचा फायदा तिला झाला का?

सक्ती आहे, खरी. १९७१ पासून तिथल्या रेडिओ केंद्रांना ठराविक वाटा देशी गाण्यांना द्यावा लागतो. आधी ३० टक्के होता, १९९९ पासून लोकप्रिय संगीतासाठी ३५ टक्के झाला. गाणं 'देशी' कशाला म्हणायचं याच्या चार कसोट्या आहेत: संगीत कॅनडियनाचं, गायक कॅनडियन, ध्वनिमुद्रण किंवा प्रत्यक्ष सादरीकरण कॅनडातलं, शब्द कॅनडियनाचे. चारपैकी दोन जुळल्या की झालं. या हिशेबात १९९१ साली ब्रायन ॲडम्सचा अल्बमच 'कॅनडियन नाही' ठरला होता, कारण त्याने परदेशी सहकाऱ्यासोबत गाणी रचली आणि मुद्रणही देशाबाहेर केलं. ब्रायन ॲडम्स कॅनडियन नाही! एवढा गदारोळ झाला की सहलेखनाबाबतचा नियम सैल करावा लागला.

लव्हीनच्या वाटचालीत मात्र हा नियम निर्णायक नव्हता. तिचा करार न्यूयॉर्कमध्ये झाला, अल्बम अमेरिकेत घडला आणि गाणी एकाच वेळी सगळीकडे पोहोचली. पण एक आहे. ज्या देशात शनाया, अलॅनिस मॉरिसेट, सेलिन डिऑन आणि सारा मॅकलाक्लन आपल्याच रेडिओवर रोज ऐकू येतात, तिथल्या छोट्या गावातल्या मुलीला 'गायिका व्हायचंय' हे वेडेपण वाटत नाही. नियमाचा एवढा हातभार मी धरते.

गाणी ती स्वतः लिहिते की तिला लिहून देतात?

हा प्रश्न तिला २००२ पासून चिकटला आहे.

आपल्या कानांना या वादाची मुळात सवयच नाही. आकाशवाणीवर गाणं लागण्याआधी निवेदिका शांतपणे तीन नावं सांगायची: गीत अमक्याचं, संगीत तमक्याचं, स्वर आणखी कोणाचा. तिघांना तिघांचा मान. गाणाऱ्याने लिहिलं नाही म्हणून कोणी त्याला खोटं ठरवत नाही. तिकडच्या रॉकमध्ये मात्र उलटं आहे. तिथे गाणाऱ्याने आपलं स्वतःचं सांगितलं पाहिजे, नाहीतर तो 'बनवलेला' ठरतो. त्यामुळे प्रश्न नुसता श्रेयाचा राहत नाही, थेट सच्चेपणाचा होतो.

आता हकीकत. 'लेट गो' या पहिल्या अल्बममध्ये १३ गाणी आहेत. सगळ्यांवर सहलेखिका म्हणून तिचं नाव आहे आणि त्यातल्या पाच गाण्यांवर मेट्रिक्सचं. गोम अशी की 'कॉम्प्लिकेटेड', 'स्केटर बॉय' आणि 'आयम विथ यू' ही सर्वाधिक गाजलेली तिन्ही त्या पाचांतली. २००३ मध्ये अमेरिकन नियतकालिकांतून वाद पेटला. मेट्रिक्सच्या बाजूचं म्हणणं असं की चाली आणि शब्दांचा मोठा भाग त्यांचा, ती येऊन इकडे-तिकडे शब्द बदलायची. तिचं म्हणणं असं की त्या गाण्यांत आपण पुरेपूर आहोत. बंद खोलीत चार माणसं गिटार घेऊन बसली की कुठली ओळ कोणाच्या तोंडून आधी निघाली, हे पुढे त्या चौघांनाही एकमताने सांगता येत नाही. कागदावर चौघांचीही नावं आहेत आणि पैसेही त्यानुसारच वाटले जातात.

माझं मत? मी लिहिण्यापेक्षा नाकारण्याकडे बघते. सोळाव्या वर्षी, साडेबारा लाखांच्या करारावर सही केल्यानंतर, मोठमोठ्या लोकांनी पुढे केलेली गाणी 'ही मी नाही' म्हणून बाजूला सारणं सोपं नसतं. तिच्या नकारामुळे अल्बम वर्षभर रखडला. नुसती शब्द बदलणारी बाहुली असती तर कंपनीला हवा तो कंट्रीचा अल्बम २००१ मध्येच बाजारात आला असता आणि आज भाचीने फोन माझ्यासमोर धरलाही नसता.

पुढेही अशी प्रकरणं झाली. २००७ मध्ये सहलेखिका शान्ताल क्रेव्हियाझुकने तिच्यावर श्रेयावरून जाहीर टीका केली आणि नंतर ती मागे घेतली. त्याच वर्षी तिच्या 'गर्लफ्रेंड' या गाण्यावरून खटला झाला, त्याचं खाली सांगते.

'ब्रेकअवे' हे केली क्लार्कसनचं गाणं हिने लिहिलंय, हे खरं का?

खरं. ब्रिजेट बेनेनेट आणि मॅथ्यू जेरार्ड यांच्यासोबत. 'लेट गो'च्या बाजात बसेना म्हणून तिने ते बाजूला ठेवलं. २००४ मध्ये अमेरिकन गायिका केली क्लार्कसनने गायलं आणि तिच्या अख्ख्या अल्बमला तेच नाव पडलं. छोट्या गावात खिडकीशी बसलेली मुलगी हे त्यातलं चित्र ऐका आणि नापनी आठवा. वरच्या वादात हे गाणं कोणी पुराव्याला का काढत नाही, याचं मला नवल वाटतं.

'लेट गो' खरंच एवढा गाजला होता?

जून २००२ मध्ये आला आणि जगभरात दीड कोटीच्या वर प्रती खपल्या. 'कॉम्प्लिकेटेड' अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिथल्या यादीत एवढ्या लहान वयाच्या गायिकेचा एकल अल्बम त्याआधी पहिला आला नव्हता. आमच्याकडे पोहोचलेली प्रत अर्थात कुठल्याच हिशेबात नसणार. शंभर गाण्यांच्या एमपीथ्री सीडीवर, हिमेशच्या आणि कुठल्याशा रिमिक्सच्या मधोमध तिची सहा गाणी होती, तीही 'अवरील' या नावाने.

ग्रॅमी किती मिळाले?

शून्य. नामांकनं आठ: २००३ मध्ये पाच, २००४ मध्ये तीन. पहिल्या वर्षी नवोदित कलाकाराचं ग्रॅमी नोरा जोन्सला गेलं, म्हणजे आपल्या रविशंकरांच्या लेकीला. त्या वर्षी नोराने इतरांसाठी फारसं काही उरवलंच नव्हतं. लव्हीनला 'साँग ऑफ द इयर'साठी दोनदा नामांकन मिळालं आणि हा पुरस्कार गाणाऱ्याला नव्हे, लिहिणाऱ्याला देतात, एवढं जाता जाता.

घरच्यांनी मात्र कौतुक केलं. कॅनडाचे जुनो पुरस्कार एप्रिल २००३ मध्ये ओटावाला झाले, त्यात तिने चार पटकावले. सभागृह कोणतं? कोरेल सेंटर. सूत्रसंचालन कोणाचं? शनाया ट्वेनचं. चार वर्षांपूर्वी जिथे स्पर्धा जिंकून एका गाण्यापुरती चढली होती, तोच मंच, तीच यजमानीण. एखाद्या पटकथेत हे लिहिलं असतं तर 'फार जुळवून आणलंय' म्हणून खोडायला लावलं असतं.

त्या टायचं काय प्रकरण होतं?

बनियनवर टाय, ढगळ पँट, पायात स्केटबोर्डवाल्यांचे बूट. त्या वेळी टीव्हीवरच्या बहुतेक गायिका पोट उघडं टाकून नाचत होत्या, त्यामुळे हा पेहराव डोळ्यांत भरला. आमच्या होस्टेलवर शाळेचे जुने टाय पुन्हा बाहेर निघाले होते, यापलीकडे त्यात तत्त्वज्ञान शोधू नये.

टीशर्टची गोष्ट जास्त गोड आहे. जानेवारी २००३ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकेतल्या बड्या कार्यक्रमात ती गायली, अंगात नापनीच्या होम हार्डवेअर दुकानाचा टीशर्ट घालून. खिळे, रंग, नळाच्या तोट्या विकणारं गावचं दुकान! दुसऱ्या दिवसापासून लोक तो टीशर्ट मागत सुटले.

दुसरा अल्बम एवढा उदास का?

'अंडर माय स्किन', मे २००४. मला विचाराल तर तिचा सर्वांत चांगला. मेट्रिक्सशी झालेल्या वादानंतर तिने या वेळी त्यांना बोलावलंच नाही. शान्ताल क्रेव्हियाझुक आणि तिचा नवरा रेन मेडा, हे दोघेही कॅनडियन संगीतकार, यांच्या मालिबूच्या घरी राहून तिने शान्तालसोबत गाणी लिहिली. काही आपल्या वाद्यवृंदातला गिटारवादक इव्हन टॉबेनफेल्डसोबत, काही बुच वॉकरसोबत. आवाज जड झाला, सूर खाली उतरले. 'माय हॅपी एंडिंग' आणि 'नोबडीज होम' त्यातली. 'स्लिप्ड अवे' हे आजोबांच्या जाण्यावरचं गाणं आहे. दौऱ्यांच्या धबडग्यात माणूस निघून जातो आणि नीट निरोपही घेता येत नाही, एवढंच त्यात आहे. साधे शब्द. आजी गेली तेव्हा मी परगावी होते, म्हणून हे गाणं मला कधी पूर्ण ऐकवत नाही.

अल्बम येण्याआधी तिने अमेरिका-कॅनडातल्या मॉलमध्ये जाऊन, फक्त गिटारच्या साथीवर, फुकट कार्यक्रम केले. 'हिला प्रत्यक्ष गाता येतं का' या शंकेवर याहून चांगलं उत्तर नव्हतं. अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. आणि २००५ मध्ये पुन्हा तीन जुनो.

मग 'गर्लफ्रेंड' कुठून उपटलं?

हाच प्रश्न आम्हीही २००७ मध्ये विचारला होता. काळं काजळ, मृत्यू, एकटेपणा, आणि अचानक टाळ्यांच्या ठेक्यावर 'तुझी मैत्रीण मला आवडत नाही'! आधी मला ते गाणं अजिबात सोसलं नाही. आजही पहिल्या क्रमांकाचं म्हणणार नाही, पण लग्नातल्या डीजेने ते लावलं की पाय थांबत नाहीत हे कबूल करते.

आकड्यांत बघायचं तर तिचं हे सर्वांत यशस्वी गाणं. अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिला क्रमांक तिला याच एका गाण्याने दिला. ध्रुवपद तिने इंग्रजीखेरीज स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, जर्मन, पोर्तुगीज, जपानी आणि मँडरिनमध्ये गाऊन ठेवलं. सगळ्या आवृत्त्या मिळून ७३ लाख डाउनलोड झाले आणि २००७ मधलं जगातलं सर्वाधिक विकलं गेलेलं डिजिटल गाणं म्हणून त्याची नोंद झाली. यूट्यूबवर दहा कोटींचा टप्पा पहिल्यांदा गाठणारा व्हिडिओ म्हणूनही त्याचं नाव घेतात. तो टप्पा लवकर यावा म्हणून चाहत्यांनी आपोआप पुन्हा पुन्हा उघडणारं पान बनवलं होतं, हे सांगितलं पाहिजे.

खटला असा: 'द रुबिनूज' या जुन्या अमेरिकन बँडच्या १९७९ च्या गाण्याशी ध्रुवपद जुळतं, असा त्याच्या लेखकांचा दावा होता. जानेवारी २००८ मध्ये कोर्टाबाहेर मिटला. दोन्ही गाणी पाठोपाठ ऐका. 'हे, यू' अशी हाक मारून सुरुवात करण्याचा हक्क कोणा एकाचा असू शकतो का, हे तुम्हीच ठरवा.

ती रॉक गायिका आहे की पॉप?

पॉपची चाल, रॉकची वाद्यं. पंक म्हणाल तर भांडण होईल. पुढचा प्रश्न.

तिची लग्नं?

दोन, दोन्ही कॅनडियन रॉकवाल्यांशी, दोन्ही मोडली. पहिला सम ४१ या बँडचा डेरिक व्हिब्ली (२००६), दुसरा निकलबॅक या बँडचा चॅड क्रोगर (२०१३). संगीताशी संबंध एवढाच की व्हिब्लीने 'द बेस्ट डॅम थिंग' आणि 'गुडबाय ललबाय' या अल्बममधल्या काही गाण्यांची निर्मिती केली आणि क्रोगरने २०१३ च्या अल्बममधली बरीच गाणी तिच्यासोबत लिहिली.

२०१३ नंतर ती गायब का झाली?

आजारपण. लाइम हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा रोग. उत्तर अमेरिकेत, विशेषतः झाडीच्या भागात, तो बऱ्यापैकी आढळतो. लक्षणं फसवी: थकवा, ताप, सांधेदुखी. २०१४ मध्ये ती आजारी पडली, सुरुवातीला निदानच होईना, आणि कित्येक महिने ती ऑन्टारिओतल्या घरी अंथरुणाला खिळून होती. एप्रिल २०१५ मध्ये तिने हे जाहीर सांगितलं.

त्या काळातल्या एका रात्री आपण आता वाचत नाही हे नक्की, असं तिला वाटलं; आई शेजारी होती, आणि डोकं पाण्यावर राहू दे अशी प्रार्थना तिने केली. त्यातूनच 'हेड अबव्ह वॉटर' हे गाणं झालं. सप्टेंबर २०१८ मध्ये आलं, अल्बम फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्यातला आवाज ऐकताना मला तिचं चर्चमधलं लहानपण ऐकू येतं. गिटारचा धडाका नाही, पियानो आणि सरळ देवाला घातलेली हाक. तिच्या नावाची संस्था या आजाराच्या रुग्णांसाठी आणि संशोधनासाठी काम करते.

खरी ॲव्हरिल वारली आणि तिच्या जागी मेलिसा नावाची तोतया आली, हे खरं का?

नाही.

बरं, थोडं सांगते, कारण हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. २०११ मध्ये ब्राझीलमधून पोर्तुगीज भाषेत ही आवई निघाली आणि २०१७ मध्ये इंग्रजीत येऊन जगभर पसरली. 'पुरावे' म्हणजे नाकाचा आकार, सही, तीळ आणि बदललेले कपडे. सतराव्या आणि सत्ताविसाव्या वर्षीचे स्वतःचे फोटो शेजारी ठेवून बघा, तुमच्याही जागी मेलिसा आलेली दिसेल. आपल्याकडे पेशव्यांच्या तोतयावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोलत आली आहेत, तेव्हा ब्राझीलला हसण्यात अर्थ नाही. तिने स्वतः मुलाखतींत हे हसण्यावारी नेलं आहे.

आता ती पुन्हा सगळीकडे का ऐकू येते?

तिच्या लहानग्या श्रोत्या मोठ्या होऊन स्वतः गायला लागल्या म्हणून. अमेरिकन गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोने एप्रिल २०२२ मध्ये टोरोंटोच्या कार्यक्रमात तिला मंचावर बोलावलं आणि दोघींनी मिळून 'कॉम्प्लिकेटेड' गायलं. रॉड्रिगोचा जन्म २००३ चा, म्हणजे गाणं तिच्याहून मोठं. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिचा 'लव्ह सक्स' हा अल्बम आला, ड्रमवादक ट्रॅव्हिस बार्करच्या कंपनीतून, पुन्हा वेगवान गिटार आणि पुन्हा चिडलेली नायिका. ऑगस्टमध्ये हॉलिवूडच्या पदपथावर तिच्या नावाचा तारा बसला. २०२४ मध्ये निवडक गाण्यांचा संग्रह आणि त्याचा मोठा दौरा झाला, ब्रिटनमधल्या ग्लॅस्टनबरीच्या संगीत महोत्सवात तिच्यासमोर तोबा गर्दी लोटली आणि 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा देशाचा सन्मान मिळाला.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

'कॉम्प्लिकेटेड'पासून नको, ते तुम्ही ऐकलेलंच असणार. 'लूजिंग ग्रिप' लावा, मोठ्या आवाजात. क्लिफ मॅग्नेससोबतचं, कंपनीला कडक वाटलेल्या जातीचं. मग 'आयम विथ यू', रात्री, पाऊस असेल तर बरंच. मग 'अंडर माय स्किन' अख्खा, क्रमाने. 'हेड अबव्ह वॉटर' त्यानंतर. भाची सध्या 'स्केटर बॉय'वर अडकली आहे, आणि कालपासून माझ्या कपाटात भावाचा शाळेचा टाय शोधते आहे.